वहिनीच्या हातून सांडतं

रामकलीला चहा करता येत होता. पण हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तिला ते इतक्यात कळूही द्यायचं नव्हतं.

धानाच्या गेल्या रोवणीत तिचा दीर तिलक पिऊन मोटारसायकल हाकत होता आणि मागे बसलेल्या रामकलीसकट इटियाडोह धरणाच्या नहरात घुसला. त्याला खरचटलंही नाही. हिचं डोकं सिमेंटच्या काठावर आपटलं. ही दवाखान्यात बेशुद्ध, तोवर याने गावभर सांगून टाकलं, "वहिनीनं मांगून खांदा ओढला." चोराच्या उलट्या बोंबा! पुढे तिची वाचा परतली, पण डोक्याला मार लागलेल्या बाईचं कोण ऐकतो? तिच्या नवऱ्यानेसुद्धा, सुकरामने, मान फिरवली.

सुरुवातीला खरंच हाल झाले. गॅस न पेटवताच ती दूध उकळायची वाट बघत उभी राहायची. तांदूळ पाण्याविना चढवायची. ब्लाऊजचे हूक लावताना रडू फुटायचं. मग दुपारी सगळे धानाच्या बांधीत कामाला गेले, की एकटीच एकेक काम घोटायची. संतापाने घोटायची. हळूहळू आधी काय, नंतर काय, ते डोक्यात बसलं आणि हातही वळणावर आला. पण तिलक दिसला की कप सुटायचाच.

"सांडलं गा भाऊजी. पुसून घ्या."

सासूने, अनुसयाबाईने, रिकामटेकड्या तिलकलाच तिच्या दिमतीला लावलं होतं. तो भांडी घासायला बोअरिंगच्या हातपंपावर बसला की बाया म्हणायच्या, "डोक्यावर पदर घे ना, तिलक!" त्या दिवशी रामकलीला दोन घास जास्त जायचे. तरी जीव निवत नव्हता. तिला खरं हवं होतं, त्याच्याच तोंडून, चार माणसांत.

अशात तिरोड्याकडचे पाहुणे तिलकला बघायला आले. ते बैठकीत टेकले न टेकले, तोच तिलक स्वयंपाकघरात शिरला.

"वहिनी, आज बाहेर येऊ नको. पाया पडतो."

"गाडी नहरात कायनं गेली, भाऊजी?"

"आता काऊन जुनं काढून राहिली?"

ती बैठकीच्या दाराकडे बघत पदर सावरू लागली. त्याने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी पेलो होतो. तू नाही ओढलं. झालं?"

रामकली उठली. चहा गाळला, कप भरले, ट्रे उचलला. बशीत थेंब पडला नाही. तिलकने आ वासला.

बैठकीत तिने ट्रे ठेवला तेव्हा अनुसयाबाईचं तोंड उतरलं. मागून तिलक धावत आलाच होता.

"भाऊजी, आता आतमंदी जे सांगतलं, ते इथं सांगा. जोरानं. डोक्याच्या मारानं मले हळू आयकू येत नाही."

तिच्या कानांना काहीही झालेलं नव्हतं.

मुलीच्या बापाने उचललेला कप खाली ठेवला.

"सांग गा पोरा," तो म्हणाला, "आमालेही आयकाचं आहे."