पितळी मुठीवरचे नाव

मित्रांनो, माझे पाते दोन पितळी मुठींच्या आत झाकलेले असते. मुठी पंखांसारख्या उघडतात, म्हणून मला फुलपाखरू सुरी म्हणतात. मी मनिलात घडले. १९६४ साली सगुण नावाच्या गोव्याच्या खलाशाने मला तिथल्या बंदरात विकत घेतले आणि सुईच्या टोकाने माझ्या मुठीवर आपले नाव कोरले. बोट हलत होती. अक्षरे वाकडी आली.

चार वर्षे मी त्याचे दोर कापले, त्याची संत्री सोलली; त्यातच माझे टोक तुटले. १९६८ मध्ये तो वादळात समुद्रात पडला. तो सापडला नाही. पेडण्यातल्या केरी गावी त्याच्या घरी फक्त पेटी पोचली. तिच्यात मी होते.

त्याच्या आईची, पद्मावतीची, नजर अधू झाली होती. रोज तिन्हीसांजेला ती मला मागून घ्यायची आणि अंगठा नावावरून फिरवायची.

सगुणचा धाकटा भाऊ गुरुदास वास्कोला बंदरात नोकरीला होता. माझ्यामुळे त्याला अशा जुन्या सुऱ्या जमवायचा नाद लागला. घरी परतलेल्या खलाशांकडून, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून त्याने आणखी चार आणल्या. सगळ्या पितळी मुठींच्या.

"गुरुदास, घरात पाच सुरयो! एकीन तरी बांगडो काप रे!" शेजारची गंगा चिडवायची.

तो हसायचा. आमच्या पात्यांना तेल लावायचा, पण पितळ कधी घासायचा नाही. "जुनेपण गेला, की नुसता पितळ उरता," असे तो आपल्यासारख्या छंदिष्टांना सांगे. घरात सांगायचे राहिले.

१९७९ ची खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातली हत्यारे उजळून देवापुढे मांडतात. गुरुदासची नवी बायको कमलाक्षी हिने कोयता, कुऱ्हाड, विळी यांच्याबरोबर आम्हा पाचींनाही चिंचेने घासले. माझ्या मुठीवरचे काळे ओरखडे काही जाईनात, तेव्हा तिने काचकागद घेतला आणि ते घासून काढले.

संध्याकाळी पद्मावतीने हात पुढे केला. तिने एकेक सुरी चाचपली.

"ही न्हय. ही पण न्हय. सगुणाची सुरी खंय गो?"

कमलाक्षीचा चेहरा उतरला. "आई, माका वाटला, मळ आसा..."

गुरुदासने मला उघडून पात्याच्या तुटक्या टोकावरून ओळखले. तो मला आईच्या हातात देणार, एवढ्यात आईचा अंगठा दुसऱ्याच एका सुरीच्या मुठीवरच्या खडबडीत पोच्यावर थांबला.

"हीच! म्हातारेक फसवतंस गो? हो बघ, माझो सगुण."

गुरुदासने माझ्याकडे पाहिले. आईच्या चेहऱ्याकडे पाहिले. मग हळूच म्हणाला, "होय गो आई. तीच."

मी तिच्यापासून वीतभर अंतरावर होते, मित्रांनो. मला हाक मारता आली नाही.

त्यानंतर ती तीन वर्षे जगली. परकी सुरी रोज तिच्या मांडीवर असे. शेवटच्या दिवशीही तिच्या मुठीत तीच होती. मी कपाटात काचेमागे. पाहुणे मला बघून म्हणत, "केवढी चकचकीत!"

घरातली जुनी वस्तू उजळायला घेण्याआधी कुणाला तरी विचारा. आणि तिच्यावर काय आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, तर कोणी विचारायची वाट पाहू नका. आधीच सांगून ठेवा.