मल्लखांब की म्हाळखांब

मित्रांनो, मी एक जुना मल्लखांब आहे. निदान शाळेत तरी मला तसंच म्हणतात. पण मी नक्की कोण, असं खरंखुरं विचारलंत तर माझी पंचाईत होते. या गावात कोणी मला तेल चोळलं, कोणी नमस्कार केला, कोणी माझ्या मानेला दोरी बांधून कपडे वाळत घातले. आता एवढं सगळं एकाच्याच वाट्याला आलं तर डोकं ठिकाणावर कसं राहणार? आणि माझं डोकं म्हणजे तरी काय, वरचं ते लाकडी बोंड.

हा गोंधळ जन्मापासूनचा आहे. सावंतवाडीला आबा चितारी म्हणून लाकडी खेळणी करणारे कारागीर होते. पोपट, केळी, आंबे, बाहुल्या हेच त्यांचं आयुष्य. निकम नावाचे कवायतीचे मास्तर सागाचा सोट घेऊन त्यांच्याकडे गेले आणि खालून जाड, वर निमुळता, मान आणि बोंड असलेला खांब करून मागितला. आबांनी मला तासलं, घासलं, माझ्याभोवती फिरून फिरून पाहिलं. "मास्तर, एवढ्या मोठ्या बाहुलेक डोळे खंय काढू?" त्यांनी विचारलं. डोळे नकोत, असं मास्तरांनी सांगितलं. पण आबांना काही राहवेना. त्यांनी माझ्या मानेभोवती लाखेचा लालभडक पट्टा ओढलाच. तो पट्टा पुढे मला केवढ्याला पडणार होता, हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं?

मग बैलगाडीत आडवा पडून मी आचऱ्याजवळच्या एका मच्छीमार गावात आलो. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. शाळेपुढे वाळू, माड आणि लगेच दर्या. निकम मास्तर घाटावरचे, बोलणं पुस्तकी. त्यांनी मला शाळेच्या अंगणात पुरलं, एरंडेल तेलाने न्हाऊ घातलं आणि जमलेल्या लोकांना म्हणाले, "हा मल्लखांब. तेरा-चौदा वर्षांची मुलं नुसती बसून राहिली की कोमेजतात. त्यांना रोज इथे पाठवा."

आता गंमत पाहा. ते भाद्रपदातले पितृपक्षाचे दिवस होते, आणि आमच्याकडे त्या श्राद्धाला म्हाळ म्हणतात. गावात सगळ्यांत वडीलधाऱ्या पद्मावतीआजी पुढे बसल्या होत्या. त्यांना जरा कमी ऐकू यायचं.

"काय म्हणतत मास्तर? म्हाळखांब?" त्यांनी विचारलं. मग माझं तेलकट अंग बघितलं, तो लाल पट्टा बघितला आणि हात जोडले. "बरां केल्यात. दर्यात गेलेल्या माणसांक वाडी ठेवूक आमका जागाच नाय होती."

वाडी म्हणजे पितरांसाठी पानावर वाढून ठेवलेलं जेवण. मास्तरांनी समजावून सांगितलं, घसा कोरडा केला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पायाशी केळीची पानं मांडलेली होती, त्यांवर भात, वडे आणि खीर. माझ्या बोंडावर कावळा येऊन बसला होता. आणि आजींनी सगळ्या पोरांना दम भरला होता, "ह्येका कोणी पाय लावू नकात."

मी चक्रावलो. ज्याला मुलांनी पायांनी आवळून धरावं म्हणून घडवलं, त्यालाच पाय लावायचा नाही. मग मी इथे उभा कशाला? देव म्हणावं तर मला कोणाचं गाऱ्हाणं कळत नव्हतं. खांब म्हणावं तर माझ्यावर छप्पर नव्हतं.

पानं ठेवायला येणाऱ्यांत मथुरा होती. मासे विकणारी, बोलायला फटकळ. आदल्या वर्षी तिचा नवरा वादळात होडीसकट गेला तो परत आलाच नाही. मागे राहिला चौदा वर्षांचा लवू. बाप होता तेव्हा हा पोरगा होडीच्या डोलकाठीवर सरसर चढायचा. बाप गेल्यावर मथुरेने त्याला घराबाहेर पडू दिलं नाही. माडावर चढू नको, पाण्यात जाऊ नको, धावू नको. पोरगा पडवीत गुडघे पोटाशी घेऊन बसायचा. झोप नाही, बोलणं नाही, पेजेची वाटी तशीच. आई बरोबर होती की चुकत होती, ते मला अजून ठरवता येत नाही. तिची भीती खरी होती आणि पोरगा वाळत चालला होता हेही खरं होतं.

मास्तर तिला म्हणाले, "मुलाला माझ्याकडे द्या. अंग हललं की मन हलेल."

"माझो एकच झील आसा, मास्तर. तो पडलो तर मी कोणाकडे बघू?" मथुरा म्हणाली. मास्तर तसेच शाळेत परत फिरले.

म्हाळाच्या शेवटच्या दिवशी, अमावास्येला, मथुरेने नवऱ्याचं पान ठेवलं. सगळे लांब उभे राहिले. कावळा आला आणि माझ्या बोंडावर बसला. खाली काही येईना. कावळा पानाला शिवला नाही म्हणजे गेलेल्याच्या मनात काहीतरी राहिलंय, असं इथले लोक मानतात. मग मागे राहिलेल्याने त्याला वचन द्यायचं.

मथुरा हात जोडून म्हणाली, "तुझा जाळां विकूचंय नाय."

कावळा हलला नाही.

"लवूक दर्यार धाडूचंय नाय. त्येका घरातच संभाळतंय."

कावळ्याने मान फिरवली आणि चोच माझ्या बोंडाला घासली. मथुरेचा चेहरा उतरला. माझा जीव तर अगदी कासावीस झाला. त्याला खाली ढकलावं तर मला हात नाहीत.

तेवढ्यात लवू उठला. किती दिवसांत तो आपणहून उठला नव्हता. "आये, तो वरच बसलोहा. मी उतरवतंय त्येका," असं म्हणत त्याने तळव्यांना वाळू चोळली आणि मला मिठी मारली.

"रे, पाय!" पद्मावतीआजी ओरडल्या. मथुरा दोन पावलं पुढे आली आणि तिथेच थांबली. लवू तेलावरून घसरला, वाळूत आदळला, पुन्हा चढला. मला त्याच्या मांड्यांची थरथर कळत होती, छातीचे ठोके कळत होते. डोलकाठीवर चढायचा तसाच तो चढत होता. लाल पट्ट्यापर्यंत आला, त्याने वर हात टाकला तसा कावळा उडाला. लवू माझ्या बोंडाला धरून लटकून राहिला. कावळ्याने एक फेरी मारली, बसायला जागा उरली नाही असं पाहिलं आणि सरळ पानावर उतरून वडा उचलला.

त्या कावळ्याला काय समजलं होतं, की त्याला फक्त वडा दिसला होता? मला विचारू नका. मी लाकूड आहे.

लवू खाली आला. घामाने निथळत होता, गुडघा खरचटला होता, धाप लागली होती. आईसमोर उभा राहून म्हणाला, "आये, माका भूक लागली गो."

मथुरा मटकन वाळूत बसली आणि त्याला पोटाशी धरून रडली. मग तिथेच, सगळ्यांसमोर, तिने त्याला टोपलीत उरलेला भात भरवला. मी आनंदलो, हे मात्र मला ठामपणे सांगता येतं. तेवढी एकच गोष्ट.

पद्मावतीआजींनी पानाकडे बघितलं, वर माझ्या बोंडाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "कावळो उतरवूक कोणीतरी वर जावकच व्हया. मास्तर, पोरांका चढूक शिकवा." मास्तरांनी त्या दिवसापासून माझं नाव सुधारायचा नाद सोडला. म्हाळ वर्षातून एकदा, पण सराव बाराही महिने. संध्याकाळी अंगण भरून जायचं. घाबरट पोरं उलटी लटकायची, भांडकुदळ पोरं एकमेकांना खांदा द्यायची, आणि रात्री घरोघरी आया म्हणायच्या की पोरगा पडल्या पडल्या झोपतो.

पुढे मास्तरांची बदली झाली. माझं तेल सुटलं, तो पट्टा उडाला. लवू मोठा होऊन होडीचा तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या झाला. मथुरेने अडवलं नाही. दर वादळात ती माझ्यापाशी येऊन दर्याकडे बघत उभी राहते, आणि तेव्हा तिने अडवायला हवं होतं का, असं मला वाटून जातं. मग लवू परत येतो, जाता जाता माझ्या अंगावर थाप मारतो आणि घराकडे बघून भूक लागली म्हणून हाक देतो.

हल्लीची चौदा वर्षांची मुलं माझ्या सावलीत बसतात. दहावी जवळ आली, डोकं दुखतं, झोप लागत नाही, जेवण जात नाही असं बोलतात. मी वरून ऐकतो आणि पुन्हा गोंधळतो. यांना सांगू कसं?

मित्रांनो, मला मल्लखांब म्हणा की म्हाळखांब म्हणा, माझं काही म्हणणं नाही. पण जरा तेल लावा आणि चढा. घसरलात तर खाली वाळू आहे. आणि उतरल्यावर धापा टाकत घरी जाऊन भूक लागली असं सांगा. ते ऐकण्यासाठी तिथे कोणीतरी कधीचं पान वाढून बसलेलं असतं.