ओरेगनचं पुस्तक आणि न दिलेली दवंडी

मित्रांनो, मला हातात घ्याल तर तुमची बोटं काळी होतील. ती काजळी आहे. कितीही पुसली तरी जात नाही. मी एक जुनं पुस्तक आहे. माझा पुठ्ठा जळाला, पुढची पानं गेली, कडा कोळशासारख्या झाल्या. उरलो आहे तेवढ्यावरून माझी हकिकत सांगतो.

माझा जन्म अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात झाला. आपला जसा महाराष्ट्र, तसं तिकडचं ते. तिथे प्रत्येक राज्याची स्वतःची घटना असते. ओरेगनची घटना आणि तिथला कारभार शाळेतल्या मुलांना कळावा म्हणून मला छापलं. गव्हर्नर काय करतो, कायदे करणारी दोन सभागृहं कशी चालतात, हे सगळं माझ्या पोटात होतं. तेव्हा मला शाईचा वास यायचा. आता रॉकेलचा येतो.

मराठवाड्यात सेनगावकडच्या एका खेड्यात मला एक गोरा तरुण घेऊन आला. तो कोंबड्या पाळायला शिकवायचा, म्हणून गाव त्याला कोंबडीसाहेब म्हणायचं. मायदेशी परत जाताना त्याने मला बौद्धवाड्यातल्या शेषरावांना दिलं. शेषराव मॅट्रिक झालेले, शाळेत मास्तर. त्यांचे थोरले भाऊ कोंडीबा गावचे कोतवाल. कोंडीबांनी मिशा पांढऱ्या झाल्यावर प्रौढांच्या वर्गात अक्षरं गिरवली होती. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, तरी ते माझं पान उलटताना आधी हात धोतराला पुसायचे. तसा मान मला ओरेगनातही कुणी दिला नव्हता.

दिवेलागणीला शेषराव मला मराठीत सांगायचे आणि वाडा ऐकायचा. सगळ्यांत पुढे बसायची नानीबाई, या दोघा भावांची म्हातारी आत्या. तिचे गुडघे गेले होते. तिला उचलून आणावं लागायचं.

एकदा शेषराव म्हणाले, "आत्या, तिथं निवडून दिलेला माणूस वाईट निघाला तर लोक सह्या करतात, पुन्हा मतं घेतात आन् त्याला मधीच घरी बसवतात."

"अगं बाई! मंग आपल्या व्यंकटरावला बसवा की. त्याच्या बायकोलाबी तकलीफच हाय त्याची."

सगळे हसले. व्यंकटराव गावचे सरपंच होते.

मग ते पान आलं. माझ्यातलं सगळ्यांत वाईट पान. घटना लिहिली तेव्हा ओरेगनच्या गोऱ्या लोकांनी मतं देऊन तिच्यात एक कलम घातलं होतं. आधीपासून राहत नसेल अशा काळ्या माणसाने या राज्यात येऊ नये, राहू नये, जमीन घेऊ नये, कोर्टात दावा लावू नये. शेषरावांनी ते वाचून दाखवलं.

"म्हंजी तिथंबी आपल्यासारखं गावच हाय," कोंडीबा म्हणाले. "मंग? आजून हाय का ते?"

"न्हाई दादा. पुढं तिथल्याच लोकांनी मतं देऊन काढून टाकलं."

"काढता कसं आलं?"

"लिहिलेलं होतं ना. लिहिलेलं होतं म्हणून दाखवता आलं, काढता आलं."

कोंडीबांनी त्या पानावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

मित्रांनो, आता जे सांगतो ते ऐकायला बरं नाही. पण ते सांगितलं नाही तर माझा जन्म फुकट जाईल.

अठ्ठ्याहत्तर साल होतं. औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव मुंबईत झाला आणि मराठवाडा पेटला. आमच्या गावात आधी कडबा जळाला. मग कुणीतरी बौद्धवाड्यातल्या बैलाच्या मागच्या पायांच्या शिरा कुऱ्हाडीने तोडल्या. बैल दिवसभर बसून हंबरत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी पारावर माणसं जमली आणि कोतवालाला बोलावणं आलं.

आमच्या गावची रीत अशी होती, की गावाने काहीही ठरवलं तरी ते कोतवालाने हलगी वाजवून सांगायचं. हलगी वाजली की ठरलं. न वाजता कुणी काही मानत नसे. त्या दिवशी गावाने ठरवलं होतं, की बौद्धवाड्याला कुणी काम देऊ नये, दळण दळून देऊ नये, पाणी भरू देऊ नये. आणि ही दवंडी द्यायची होती कोंडीबांनी, आपल्याच वाड्याविरुद्ध.

कोंडीबा निघाले. हलगी गळ्यात होती, आणि ते पान ऐकल्यापासून ते मला सोबत बाळगत म्हणून मी त्यांच्या पिशवीत होतो.

"कोंड्या, बघून काय राहिला? दे दवंडी," सरपंच म्हणाले.

"देतो मालक. लिहून द्या."

"काय?"

"दवंडी लिहून द्या. खाली तुमची सही करा. ज्याला ज्याला हे बराबर वाटून राहिलं त्यानं त्यानं सही करावी. मंग वाजवतो."

"दवंडी कधी लिहितेत का रे? तोंडानं सांगत्यात."

"त्यानंच तर घोटाळा हाय. तोंडानं सांगितलेलं वाऱ्यावर जातं. उद्या कुणीबी म्हनंल, आमी न्हाई त्यातले. कागदावर असलं तर तुमच्या नातवाला एक दिवस खोडता तरी येईल."

पारावर एकही माणूस सहीला उठला नाही. मित्रांनो, मी फार माणसं पाहिली आहेत. चूक करायला भीत नाहीत, पण तिच्याखाली नाव लिहायला भितात.

आधी दगड आला. तो कोंडीबांच्या कपाळाला लागला. मग हलगी फाडली. एकाने त्यांचा उजवा हात पाराच्या कट्ट्यावर धरला, "ह्याच हातानं गिरवून राहिला न्हाई का?" असं म्हणाला, आणि दुसऱ्याने त्यावर कुऱ्हाडीच्या मागच्या बोथट बाजूचा, तुंब्याचा, घाव घातला. एकदा नाही. बोटांचा आवाज मी पिशवीतून ऐकला. पिशवी हिसकावली तेव्हा मी बाहेर पडलो.

"हेच ते! कोंबडीसाहेबाचं पुस्तक!"

मला घेऊन ती माणसं बौद्धवाड्यात आली. पावसाने छपरं ओली होती, म्हणून रॉकेल आणलं होतं. बायका लेकरांना काखोटीला मारून तुरीच्या रानात पळाल्या. शेषराव शाळेत होते. ओली छपरं आधी धुरकटली आणि मग एकदम पेटली. मला नानीबाईच्या दारातून आत फेकलं.

नानीबाई आत होती. तिला उचलायला त्या दिवशी कुणी नव्हतं.

ती हाका मारत होती. आधी कोंडीबांना, मग शेषरावांना, मग नुसतंच "कुनी हाय का?"

शेजारच्या जैनबबीने ते ऐकलं. ती फकीर कल्हईवाल्याची बायको, नानीबाईला फुफी, म्हणजे आत्या, म्हणायची. तिने अंगावर घागर ओतून घेतली आणि ती दारात आली. "फुफी! हात दे, हात!" असं ओरडत तिने धुरात हात घातला. तेवढ्यात आढं कोसळलं. तिने हाताला लागलं ते धरून ओढलं. हाताला लागलो मी.

तिने मला बाहेर पाहिलं आणि जमिनीवर बसून ती जी किंचाळली, ती किंकाळी माझ्या पानांत अजून आहे. मी वाचलो याचा मला कधीच आनंद झाला नाही.

पुढे पोलीस आले, पंचनामा झाला. आग कुणी लावली, हे कुणालाच माहीत नव्हतं. दवंडी कुणी ठरवली? तशी दवंडीच झाली नाही, असं गाव म्हणालं. कोंडीबा म्हणाले होते तसंच झालं.

जखम भरल्यावर कोंडीबांनी मला मांडीवर घेतलं. माझं शेवटचं कोरं पान आगीतून वाचलं होतं. त्यावर त्यांनी डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरांत, ती सगळी दवंडी लिहिली. खाली लिहिलं, "ह्या दवंडीत नानीबाई जळाली."

शेषरावांनी पेन्सिल घेतली. "दादा, हिच्यावर रेघ मारून खोडू का?"

"तू काहून? तुझी हाय का दवंडी? ज्यांनी ठरवली त्यांनी येऊन मारावी."

व्यंकटराव आले नाहीत. एकदा दारावरून गेले, थांबले, आणि चपला ओढत निघून गेले. आता ते नाहीत, कोंडीबाही नाहीत. मी कोंडीबांच्या नातीकडे, पेमाकडे, लोखंडी पेटीत कडुनिंबाच्या पाल्यात असतो. ओरेगनचं ते वाईट पान माझ्यात अजून शाबूत आहे. पेमा ते फाडत नाही. कधी कुणी विचारलं तर म्हणते, "ह्ये राहू द्या. ह्ये त्यांनी सोताच खोडलं, ह्याचा पुरावा हाय."

मित्रांनो, जुनी पुस्तकं जपा. त्यांतली चांगली पानं जपाच, पण लाज वाटेल ती पानंही फाडू नका. आणि तुमच्यापैकी कुणाचे आजोबा त्या दुपारी पारावर बसले असतील, तर एकदा पेमाच्या घरी या. ती चहा ठेवील, काही विचारणार नाही. माझं शेवटचं पान उघडा.

रेघ अजून मारलेली नाही. पेन्सिल घेऊन या.