प्लॅस्टिकात बंद झालेला साचा

मी एक जुना कागदी साचा आहे. मित्रांनो, कागदी म्हणताच तुम्ही नाक मुरडलं असेल, तर खुशाल मुरडा. तुमच्या वह्यांसारखा लेचापेचा कागद मी नव्हे. जपानी कागदाचे थर एकावर एक चिकटवून, त्यांना कच्च्या फळांचा तुरट रस पाजून मला घडवलं. भिजलो तरी मी फाटत नसे.

संगमनेरच्या दयाबाईंनी मला कोरलं. मिशनच्या दवाखान्यात काही वर्षं एक जपानी बाई होत्या, त्यांच्याकडून त्या ही कला शिकल्या. बारीक पात्याने त्यांनी माझ्या अंगात बाजरीची कणसं कापली. मला कापडावर ठेवून वरून तांदळाच्या पिठाची खळ फिरवायची. ती माझ्या भोकांतून खाली उतरायची आणि तेवढ्या जागी रंग चढू द्यायची नाही. मग कापड निळीत बुडवून धुतलं, की निळ्यावर पांढरी कणसं उभी राहायची. चर्चचे पडदे, बाळांची दुपटी, लग्नाच्या चादरी, सगळं मी सजवलं.

दयाबाईंमागून मुलगा कृपादान आणि मग नात सिल्व्हिया हे काम करू लागली. पण नवा साचा दोघांपैकी एकानेही कोरला नाही. कपाटात माझ्यासारखेच कोरे कागद पडून होते, आणि हे सगळे माझ्याच जिवावर कलावंत! नातू पॉल सुपे गावच्या कारखान्यात लागला. त्याला खळीचा वासही सोसत नसे. पाहुणे आले की मात्र मला उंच धरून सांगायचा, "आमच्या घराण्याची कला!" पाहुणे 'वा वा' करायचे. असल्या कौतुकाची मला किळस येते.

गेल्या नाताळाआधी माझी एक कड विरली. सिल्व्हिया ती सांधणार होती, चर्चचा पडदा नाताळापर्यंत करून द्यायचा होता. ती बाजारात गेली असता पॉलने मला झेरॉक्सच्या दुकानात नेलं आणि चक्क लॅमिनेशन केलं. तापलेल्या प्लॅस्टिकने माझं एकूण एक भोक बुजलं.

"बघ, आता शंभर वर्षं याला काय होत न्हाई!" तो बहिणीला म्हणाला.

सिल्व्हियाने माझ्यावरून बोट फिरवलं. "दादा, आता खळ कुठून उतरायची?"

"अगं, पण फाटणार न्हाई ना!"

"फाटू नये म्हणून कोरला हुता व्हय आजीनं?"

पॉल गप्प बसला असता, तर मी त्याला थोडा मान दिला असता. पण तो म्हणाला, "भिंतीवर लई भारी दिसंल."

सिल्व्हिया रडली. मग तोंड धुऊन आली, मला खिडकीच्या काचेवर टेकवलं, वर कपाटातला कोरा कागद धरला आणि पेन्सिलने कणसं उतरवली. मग तिने पातं चालवायला घेतलं. पहिला कागद फाटला, दुसराही. तिसऱ्यावर कणसं उमटली, जरा वाकडी, पण आरपार.

नाताळात चर्चला नवा पडदा लागला. मी भिंतीवर लटकलो आहे, धूळही न बसणारा, निरुपयोगी.

मित्रांनो, तुमच्या घरी असं एखादं जुनं साधन असेल, तर त्याला नुसतं जपत बसू नका. त्याच्याकडून काम घ्या, त्याला झिजू द्या, आणि ते झिजून संपायच्या आत दुसरं घडवायला शिका. एवढंही होत नसेल, तर निदान त्याला हात लावू नका.