गुडघ्यांचा भाव

एप्रिल उजाडला तरी नदीवरचा बर्फ फुटला नव्हता. त्या संध्याकाळी जिंकलो तर बाद फेरी, हरलो तर हंगाम संपला. मधे काही नव्हते.

आमच्या आइस हॉकी लीगमध्ये संघाच्या एकूण पगाराला मर्यादा असते. एका ताटात वाढलेले दुसऱ्या ताटातून काढलेले असते. उन्हाळ्यात कर्णधार हॅलोरनचा नवा, भरघोस करार झाला, दोन जुने सोबती गेले आणि मागच्या बाकावरच्यांना किमान वेतन उरले. त्यांतलाच मार्सेल थिबो. गोल करणे त्याचे काम नव्हते. फटक्यापुढे गुडघे टाकून आडवे पडायचे आणि रबराची टणक चकती अंगावर घ्यायची, एवढेच. त्याच्या मागे, जाळ्यापाशी, गोलरक्षक मी.

समोर थिबोचा जुना संघ होता. अशा वेळी खेळाडूने ड्रेसिंग रूमच्या फळ्यावर रक्कम लिहायची आणि जिंकलो तर ती सगळ्यांच्या मेजवानीला द्यायची, हा रिवाज. थिबोने लिहिले : तीनशे डॉलर.

"तीनशे?" मी म्हणालो. "त्यांनी तुला हाकललं, थिब्या, की तू उधारी बुडवून पळालास?"

"खा गपचूप. बायकोला कळलं तर मलाच विकून टाकेल."

खोली हसली. मग हॅलोरन उठला आणि त्याने त्याखाली लिहिले : पन्नास हजार. त्याच्या मनात पाप नव्हते. लहान आकड्यांची भाषा तो विसरला होता, इतकेच.

हसणे विझले.

"म्हणजे गुडघ्यांचे भाव फुटले," थिबो म्हणाला.

"अरे, सगळ्यांसाठीच आहे ना ते!"

"तेच तर, राजे. फुकट पडत होतो तोवर घरचं काम होतं."

शेवटच्या मिनिटापर्यंत बरोबरी होती. निळ्या रेषेवरून त्यांच्या बचावपटूने काठी उगारली. एरवी थिबो विचाराच्या आधी बर्फावर आडवा असायचा. त्या क्षणी त्याने विचार केला. मी मागून पाहिले : गुडघा वाकला आणि तिथेच अडला, एका श्वासाइतका. चकती त्याच्या मांडीजवळून निसटली. मला दिसली तेव्हा ती जाळ्यात होती.

नंतर हॅलोरन माझ्यासमोर उभा राहिला. डोळे लाल.

"दिसली नाही का रे तुला?"

बाजूला थिबो बुटांच्या नाड्या सोडत वाकला होता. त्या केव्हाच सुटल्या होत्या.

"नाही," मी म्हणालो. "माझंच चुकलं."