चढावर उतरायचं कुणी

"या सर, बसून बघा," असं म्हणत शोरूमच्या मयूरनं किल्ली अश्विनच्या हातात ठेवली आणि ललिताबाईंनी पुढे केलेला हात तसाच राहिला. त्यांनी तो मागे घेतला, पर्सचा पट्टा खांद्यावर सारखा केला आणि मनाशी म्हटलं, असू दे, पोराला काय माहीत.

गाडी त्यांची होती. म्हणजे व्हायची होती. सरकारी आरोग्य केंद्रांतून नर्स म्हणून उभा जन्म काढल्यावर त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. हातात आलेल्या पैशातून बंगल्यावर मजला चढवावा असं घरच्यांचं म्हणणं होतं. बाईंनी मात्र लाल रंगाची, काळ्या छताची, बसकी स्पोर्टी गाडी हेरून ठेवली होती. लेक अश्विन सुट्टी होती म्हणून बरोबर आला होता. यजमान निवृत्तीराव एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून बाईंच्या आधी निवृत्त झालेले. ते शोरूमच्या सोफ्यावर फुकटची कॉफी पीत बसले होते.

अश्विननं गाडी काढली. मयूर त्याच्या शेजारी बसला आणि जिची गाडी ती बाई मागे, पाहुणीसारखी.

"सर, स्पोर्टी मॉडेल एकच, पण इंजिनं दोन येतात," मयूरनं सुरुवात केली. "एक साधं पेट्रोल, एक टर्बो. टर्बोला पिकअप असा आहे ना, पाय ठेवला की गाडी सुटलीच. तुम्ही चालवणार असाल तर डोळे झाकून टर्बो घ्या. मॅडम चालवणार असतील तर साधं बास झालं. भाजी मार्केट, नातेवाईक, एवढंच ना?"

"घाटात कुठलं जास्त ओढतं?" ललिताबाईंनी मागून विचारलं.

"घाटात टर्बोच. पाच माणसं भरा, एसी चालू ठेवा, काही फरक नाही. पण मॅडम, तुम्ही कशाला घाटात जाताय?"

"मम्मी, ते टर्बो सीसीला छोटं असतं," अश्विन आरशात बघत म्हणाला. "साधं इंजिन मोठं आहे. आणि ॲव्हरेज पण बरं देतं."

"गाडी बाजूला घे," ललिताबाई म्हणाल्या. "आणि मागे येऊन बस."

गंगापूर रोडला कडेला गाडी थांबली. बाई पुढे येऊन बसल्या, सीट ओढून घेतली, आरसा आपल्या उंचीला लावला. मग गाडी थेट शोरूमच्या दारात आणून लावली. उतरताना त्यांनी सांगितलं, "टर्बो. गिअरची. लाल. नाव माझं टाका, ललिता निवृत्ती."

आता कुणी म्हणेल, साठीला टेकलेल्या बाईला टर्बोचं काय एवढं कौतुक? गाड्यांमधलं सगळं कळत असल्यासारखे नाकानं कांदे सोलणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी सावळघाटाचा चढ एकदा पायी चढून बघावा.

ललिताबाईंची पहिली नेमणूक पेठच्या पलीकडच्या आरोग्य केंद्रात होती. सोमवारी पहाटेच्या एसटीनं जायचं, आठवडाभर तिथंच क्वार्टरमध्ये राहायचं. शनिवारी निवृत्तीराव मोपेडवरून घ्यायला यायचे. हौसेनं यायचे, त्यात खोट नाही. पण नाशिककडे परतताना सावळघाट लागला की मोपेड धापा टाकायला लागायची आणि निवृत्तीराव मान मागे न वळवता म्हणायचे, "उतर गं जरा. इंजिन तापतंय."

ललिताबाई उतरायच्या. खांद्याला कपड्यांची बॅग, हातात डबा, अंगावर ड्युटीची पांढरी साडी. निवृत्तीराव फटफट करत पुढच्या वळणावर जायचे आणि सावलीला मोपेड लावून, कठड्यावर बसून वाट बघायचे. बाई घामाघूम होऊन पोचल्या की दोन मिनिटं मागे बसवायचे, की पुन्हा चढ, पुन्हा "उतर गं." एसटीतली माणसं खिडकीतून बघून हसायची. अश्विन पोटात असताना सातव्या महिन्यातसुद्धा बाई तो घाट पायी चढल्या. इंजिन तापतं याची काळजी होती. बाई तापत असेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

पुढे स्कूटर आली, मग जुनी छोटी कार आली. दिवस पालटले, पण रीत पालटली नाही. कारमध्ये सासूबाई मालनबाई, पोरं, सामान. घाटात गाडी कुंथायला लागली की निवृत्तीराव म्हणायचे, "कुणीतरी एकानं उतरा रे." ते कुणीतरी कोण, हे विचारायची कधी गरज पडली नाही. सगळे जिथल्या तिथे बसलेले असायचे आणि बाईंचा हात दाराच्या कडीवर गेलेला असायचा. नंतर बाई गाडी शिकल्या, रोज ड्युटीला घेऊन जायला लागल्या. तरी घाट दिसला की निवृत्तीराव हात पुढे करायचे, "दे इकडं. घाटात बाईमाणसाचं काम नाय." म्हणजे चढावर एक तर उतरायचं, नाही तर सोडून द्यायचं. तेव्हापासून ललिताबाईंनी एक गोष्ट मनात धरली होती. आपली स्वतःची गाडी घ्यायची ती अशी, की चढावर कुणालाच उतरावं लागणार नाही.

महिन्याभरात मयूरचा फोन आला. "मॅडम, गाडी आलीय. एकदा डोळ्यांखालून घाला, मग बिल करू आणि पासिंगला टाकू."

ललिताबाईंनी निळी साडी नेसली. डॅशबोर्डवर ठेवायला त्यांनी बुद्धाची अंगठ्याएवढी मूर्ती आणून ठेवली होती, ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली. तिघंही निघाले. निवृत्तीराव वाटेत गप्प होते. त्यांना एरवी सिग्नलवर थांबलेल्या प्रत्येक गाडीबद्दल मत असायचं.

गाडीवर चकचकीत कापड टाकलं होतं. मयूरनं ते ओढलं. लाल अंग, काळं छत, दाराखालच्या काळ्या पट्टीवर बारीक लाल रेघ. बाईंचे डोळे भरून आले, उगाच कशाला खोटं सांगा. त्यांनी दार उघडलं, मूर्ती डॅशबोर्डवर ठेवून बघितली, गिअरवर हात ठेवला. मग उतरून हौसेनं गाडीभोवती एक फेरी मारली.

मागे आल्यावर त्या थांबल्या. डिकीच्या उजव्या कोपऱ्यात जिथे टर्बो असं लिहिलेलं असतं, तिथे नुसता गुळगुळीत पत्रा होता. त्यांनी त्यावरून हात फिरवला.

"मयूर, यावर टर्बो लिहिलेलं नाही."

"मॅडम, ते चेंज झालं ना," मयूर हसून म्हणाला. "सरांचा फोन आला होता."

बाईंनी अश्विनकडे पाहिलं.

"मी नाही मम्मी! आईशप्पथ, मला काहीच माहीत नाही."

निवृत्तीराव चपलेच्या अंगठ्यानं फरशी घासत होते. "अगं, मीच केला फोन. टर्बोला लय वेटिंग होतं. साधी लगेच मिळत होती, पेट्रोल पण कमी खाती. आन् तुला कशाला गं एवढी ताकद? दिसायला तर तीच हाय ना."

"करेक्ट सर," मयूरनं री ओढली. "बाहेरून कुणाला कळत पण नाही, मॅडम."

ललिताबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उभ्या आयुष्यात त्या दवाखान्यात कुणावर ओरडल्या नव्हत्या, आणि आताही ओरडल्या नाहीत. त्यांचा आवाज उलट खाली आला.

"बुकिंग कुणाच्या नावावर आहे?"

"तुमच्या, मॅडम."

"फोन नंबर कुणाचा लिहिलाय?"

"तुमचाच."

"मग मला का नाही विचारलंस?"

"मॅडम, सर म्हणाले म्हणजे मला वाटलं…"

"सर म्हणाले म्हणजे काय?"

शेजारच्या टेबलावरचं जोडपं वळून बघायला लागलं.

"मी तुझ्या समोर बसून टर्बो म्हणाले होते. ते तुला पुरलं नाही. आणि यांचा एक फोन आला, तर तू इंजिन बदलून मोकळा झालास. बाहेरून कुणाला कळत नाही म्हणतोस? मला कळतं ना! चालवणार मी आहे."

"ललिता, लोकं बघतायत," निवृत्तीराव पुटपुटले.

"बघू द्या. घाटात पण बघायचे."

त्यांनी पुन्हा दार उघडलं, डॅशबोर्डवरची मूर्ती उचलली, रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये ठेवली. "ही गाडी मला नको. टर्बो येईल तेव्हा फोन कर. मला कर."

"मॅडम, दोन-अडीच महिने लागतील."

"लागू देत."

घरी परतताना जुनी कार बाईच चालवत होत्या. द्वारका चौक ओलांडल्यावर निवृत्तीरावांना कंठ फुटला. "चारचौघांत अपमान केलास तू माझा."

"तुमचा?" बाई म्हणाल्या. "तुमचा अपमान झाला?"

"चांगल्यासाठीच केलं ना मी. या वयात घाटाबिटात जोरात चालवलीस, कुठं काय झालं तर?"

"मग ते मला तोंडावर सांगायचं होतं. मी नाही म्हटलं असतं, भांडले असते, पण ऐकून घेतलं असतं. चोरून कशाला?"

"मम्मी, जाऊ दे ना," अश्विन मागून म्हणाला. "एका इंजिनासाठी एवढं काय?"

"अश्विन, लहानपणी आपण सावळघाटातून जायचो. गाडी चढत नसली की खाली कोण उतरायचं रे?"

अश्विन विचारात पडला. "कुणी उतरायचं का?"

बाईंनी गिअर बदलला. मूल मागच्या सीटवर आजीच्या मांडीवर झोपलेलं असायचं, त्याला काय दोष देणार? पण बापाला तरी आठवायला हवं होतं. निवृत्तीराव खिडकीबाहेर बघत राहिले.

टर्बो आली तेव्हा मयूरनं फोन ललिताबाईंना केला आणि किल्लीही त्यांच्याच हातात दिली. आल्या आल्या बाईंनी गाडी मागून बघितली, मग पुढून. आठ दिवस त्यांनी ती शहरात फिरवून हात बसवला आणि रविवारी सकाळी पाण्याची बाटली भरून घेतली.

"कुठं निघालीस?" निवृत्तीरावांनी विचारलं.

"पेठला."

ते थोडा वेळ घुटमळले. "मी येऊ का?"

"या की. गाडीत जागा आहे."

जाताना उतार होता, त्यात काही विशेष नव्हतं. पेठच्या पुढे जुन्या आरोग्य केंद्राच्या फाटकाशी त्यांनी गाडी लावली. बाईंच्या वेळचं क्वार्टर पाडून तिथे नवी इमारत झाली होती. टपरीवर दोघांनी चहा घेतला. निवृत्तीराव चहावाल्याला सांगत होते, "आमच्या मिसेस इथं होत्या. मी दर शनिवारी घ्यायला यायचो, मोपेडवर. लय मजा यायची घाटात."

बाईंनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

परतीला सावळघाट लागला. निवृत्तीरावांचा हात सवयीनं थोडा पुढे आला आणि परत मांडीवर गेला. बाईंनी एक गिअर खाली घेतला आणि पाय दाबला. गाडी एक हुंकार देऊन अशी वर निघाली, की पाठ सीटला टेकली. एसी चालू होता. एक ट्रक मागे पडला, मग एक एसटी. इतकी वर्षं ज्या चढानं बाईंच्या पोटऱ्या धरल्या होत्या, तो चाकांखालून गुमान मागे चालला होता. बाईंना हसू आलं. एकट्या असत्या तर त्या मोठ्यानं हसल्या असत्या.

"हॅ, हा कसला चढ?" निवृत्तीराव म्हणाले. "उगाच एवढी थांबलीस तू. साधं इंजिन पण चढलं असतं."

ललिताबाईंनी इंडिकेटर दिला आणि कडेला, जरा मोकळी जागा बघून गाडी उभी केली.

"उतरा."

"काय झालं? पंक्चर?"

"काही झालं नाही. तुम्ही उतरा. मी पुढच्या वळणावर थांबते."

निवृत्तीरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. बाई समोर रस्त्याकडे बघत होत्या. त्या चेष्टा करत नाहीत, हे कळायला त्यांना वेळ लागला नाही. त्यांनी पट्टा सोडला आणि उतरले.

वळण काही फार लांब नव्हतं. बाईंनी गाडी सावलीला लावली, इंजिन बंद केलं. उजव्या हाताला तोच कठडा होता, मधे कधीतरी नवा चुना मारलेला. त्या उतरल्या नाहीत. आरशातून बघत राहिल्या.

बराच वेळ रस्ता रिकामा होता. मग खालून निवृत्तीराव दिसले. आधी नुसती टोपी, मग हळूहळू सगळा माणूस. थोडं चालायचे, गुडघ्यावर हात टेकून थांबायचे, पुन्हा चालायचे. मागे पडलेली एसटी त्यांच्याशेजारून गेली. खिडकीतून कुणीतरी डोकावलं आणि त्यांनी मान खाली घातली. बाईंचा हात एकदा किल्लीकडे गेला. त्यांनी तो परत घेतला. चालू देत, आपण तर पोट घेऊन चाललो होतो, असं त्यांनी स्वतःला बजावलं. पण नजर आरशावरून हलेना.

ते गाडीशी आले तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. दाराला धरून उभे राहिले. बाईंनी काच खाली केली आणि बाटली पुढे केली. ते घटाघट पाणी प्याले, तोंड पुसलं आणि मागे वळून आपण चढून आलो त्या रस्त्याकडे बघितलं.

"लय हाय गं हे," ते म्हणाले. "एवढं असायचं?"

"हे एकच वळण झालं," ललिताबाई म्हणाल्या.

निवृत्तीरावांनी बाटलीचं झाकण लावलं. पुढे घाट वर वर गेलेला दिसत होता. त्याच्याकडे बघत त्यांनी विचारलं, "आता पुढचं पण चालू का?"

बाईंनी हात लांब करून पलीकडचं दार आतून उघडलं.

"बसा."

ते बसले. डॅशबोर्डवरच्या मूर्तीला धक्का लागू नये म्हणून बाटली जपून पायाशी ठेवली, पट्टा लावला. बाईंनी गिअर टाकला आणि गाडी चढाला लागली. आत दोघंही होते.