निवडुंगाला पाणी

बाबांची कवळी धाकटीने स्वतःच्या हाताने बनवली होती. दातांच्या लॅबमध्ये ती दिवसभर परक्यांच्या कवळ्या घासायची, मग घरच्या कामात जीव ओतणारच. कवळी इतकी चपखल बसली की म्हातारा पहिल्या दिवसापासून तिच्याच नावाने खडे फोडू लागला.

आई गेल्यापासून घरात दोघंच, बाबा आणि ती. तिच्या लग्नाचं वय उलटून गेलं, कुणी विषय काढला नाही, तिनेही काढला नाही. दादा दूरच्या शहरात, बायकामुलांत. फोनवर त्याचं एकच पालुपद, "बाबा, इकडेच या कायमचे." अलीकडे बाबाही सुस्कारा टाकून म्हणायचे, "येईन म्हणतो. तुझी आई गेली, तिच्या झाडाची फुलंही गेली. राहिलंय काय इथं?"

इथं धाकटी राहिली होती, पण ती हिशेबात नव्हती.

झाड म्हणजे टांगत्या कुंडीतलं निवडुंग. त्याच्या काटेरी शेपट्या कुंडीच्या काठावरून हात-हात खाली लोंबत. आई होती तोवर दर वर्षी त्यांवर गुलाबी फुलं लगडायची. ती गेल्यावर एक कळी दिसली असेल तर शपथ. दोष बाबांच्या हाताचा होता. पेल्यात उरलेलं पाणी ते बारा महिने कुंडीत ओतायचे. या निवडुंगाला थंडीत झोप लागते. त्या दिवसांत त्याला गार जागा आणि भरपूर उजेड हवा, पाणी जवळजवळ नकोच. तेव्हा कोरडं राहिलं तरच ते पुढे फुलतं.

फुलं आली तर म्हातारा राहील, असं धाकटीने मनाशी धरलं. ती त्याच्यावर वैतागायची, कधी दार आपटून कामाला जायची. पण संध्याकाळी कुलूप काढून अंधाऱ्या घरात शिरायचं, ही कल्पनाच तिला सोसायची नाही. म्हणून थंडी पडताच तिने कुंडी बाबांच्या खुर्चीजवळून काढली, काचा लावलेल्या गॅलरीत उंच टांगली आणि पाणी बंद केलं.

शेपट्या सुरकुतल्या. बाबांनी घर डोक्यावर घेतलं.

"झाड मारतेस तिचं! उद्या मलाही असंच कोरडं टांगशील."

"बाबा, आईपण थंडीत पाणी घालायची नाही."

"तुझ्या आईला मी ओळखत नाही होय?"

नव्हतेच ओळखत. साऱ्या संसारात त्यांनी फक्त फुलं पाहिली होती, त्यासाठी ती काय करते ते नाही.

मग एका सकाळी शेपट्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे तांबूस ठिपके दिसले. कळ्या! त्या दिवशी धाकटी लॅबमध्ये यंत्राच्या घरघरीत गुणगुणत बसली. घरी मात्र अवाक्षर काढलं नाही. उमलल्यावरच बाबांना हाताला धरून गॅलरीत न्यायचं, असा बेत तिने केला. चुकली ती इथेच. इकडे बाबांचं फोनवर मुलापाशी रडगाणं गाऊन झालं होतं, आणि त्याच आठवड्यात दादा येऊन थडकला.

संध्याकाळी ती कामावरून आली तर कुंडी न्हाणीघरात, गळ्यापर्यंत बादलीत बुडवलेली. दादाचं प्रेम असंच, वर्षातून एकदा आणि बादलीने.

"अरे, काय केलंस हे? कळ्या धरल्या होत्या त्याने!"

दादाने वाकून पाहिलं. "कुठायत? काटे आहेत ते."

"तहानेने मरायला टेकलेल्या झाडाला कळ्या!" बाबा हसले. "आम्हाला शेंड्या लावते."

पुढे सुट्टी संपेपर्यंत दादाने झाडाची सगळी सूत्रं हाती घेतली. सकाळ-संध्याकाळ पाणी. शेपट्या टरारल्या. कळ्या काळ्या पडून गॅलरीभर गळल्या, त्या धाकटीनेच झाडून काढल्या. बाबा मात्र खूश. "बघ कसं बाळसं धरलंय! तुला महिनोन्‌महिने जमलं नाही ते." आणि त्याच दमात मुलाला म्हणाले, "मीही येतो रे तुझ्याबरोबर. झाडही घेऊ."

त्या दुपारी तिने शेपट्यांच्या बुडाशी बोट दाबलं. बोट आत गेलं. आतून सगळा लगदा झाला होता, मातीला कुजका वास येत होता. अजून वेळ होता. शेंड्याकडचे घट्ट तुकडे कापायचे, चार दिवस वाळवायचे, कोरड्या रेतीत टोचायचे, की झाड वाचलं असतं. कुणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. तिने स्वतः होऊन सांगायचं म्हटलं तर तोंड उघडेना. इतका राग आपल्यात आहे, हे तिला त्याच दिवशी कळलं.

निघायच्या दिवशी दाराशी गाडी लागली. तिने बाबांची औषधं, कानटोपी, उशी सगळं नीट भरलं. "सुटलीस गं बाई एकदाची," बाबा चढता चढता म्हणाले. आपण तिचं भलंच केलं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. तू एकटी कशी राहशील, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

दादाने कुंडी मांडीवर घेतली आणि काच खाली केली.

"याला पाणी किती घालायचं गं?"

आईने एवढ्याशा तुकड्यापासून वाढवलेलं झाड होतं ते. धाकटीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा बाबांकडे.

"रोज," ती म्हणाली. "भरपूर घाल."

बाबांनी समाधानाने मान डोलावली. "बघ," ते दादाला म्हणाले, "शेवटी शिकली."